तापणारा लॅपटॉप : कारणे, परीक्षा आणि उपाय

संगणक ही एके काळी मोठ्या नगरांतील विद्यापीठे आणि बँका यांच्यापुरती मर्यादित असलेली वस्तू होती. आज ती ग्रामपंचायतीच्या कचेरीत, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणि शेतकऱ्याच्या घरातील महाविद्यालयीन मुलाच्या हाती येऊन पोहोचली आहे. दाखले, निकालपत्रके, हजेरीपट, सभांची इतिवृत्ते अशी नाना प्रकारची कामे लॅपटॉपवर उरकली जातात. मात्र उन्हाळा सुरू झाला, की एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. सकाळी चपळाईने चालणारे यंत्र दुपारी रेंगाळू लागते, पंखा घरघरतो, कीबोर्डखालील भाग हाताला चटका देतो आणि ऐन निकालपत्रक छापण्याच्या वेळी यंत्र आपोआप बंद पडते. अशा वेळी ‘यंत्र जुने झाले, नवे घ्यावे’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः पुष्कळ प्रसंगी दोष अगदी किरकोळ असतो आणि तो दूर करण्यास फारसा खर्चही येत नाही. सार्वजनिक पैशातून घेतलेले चांगले यंत्र विनाकारण अडगळीत जाऊ नये, यासाठी या दोषाची कारणमीमांसा समजून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

उष्णता येते कोठून?

विजेवर चालणारे कोणतेही गणनयंत्र उष्णता निर्माण करणारच. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनियाक’ या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागत असे आणि तो थंड राखण्यासाठी मोठमोठे पंखे सतत चालवावे लागत. पुढे नलिकांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की आज नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ते अब्जावधींच्या संख्येने मावतात. हाच तुकडा म्हणजे प्रोसेसर, अर्थात संगणकाचा मेंदू.

सर्वसाधारण लॅपटॉपचा प्रोसेसर सलग कामात १५ ते ४५ वॉट वीज घेतो. काही क्षणांपुरता तो याहून बराच अधिक भार उचलतो. ही वीज जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतरित होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाग देण्यासाठी जे सोल्डरिंग आयर्न वापरतो, ते पुष्कळदा २५ वॉटचे असते, आणि तेवढ्या विजेवर त्याचे टोक कथील वितळवते. तेवढीच किंवा त्याहून अधिक उष्णता बोटभर जाडीच्या बंदिस्त पेटीत निर्माण होते, हे ध्यानी घेतले म्हणजे लॅपटॉप का तापतो, यापेक्षा तो एरवी थंड कसा राहतो, याचेच आश्चर्य वाटावे.

या उष्णतेचे एक गणित आहे. प्रोसेसरची गती वाढली, की त्याच प्रमाणात विजेचा व्यय वाढतो. परंतु गती वाढविण्यासाठी विद्युतदाबही वाढवावा लागतो, आणि व्यय हा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. याचाच उलट अर्थ असा, की गती आणि दाब ही दोन्ही केवळ दहा टक्क्यांनी उतरविली, तर गणनेसाठी होणारा व्यय सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. थोड्या गतीचा त्याग केल्याने बरीच उष्णता टळते. पुढे सांगितलेल्या एका उपायाचे मर्म यातच आहे.

उष्णता बाहेर कशी पडते?

प्रोसेसरच्या पाठीवर एका विशिष्ट लेपाचा पातळ थर दिलेला असतो. प्रोसेसर आणि त्यावर बसणारा धातूचा पत्रा यांच्या दरम्यान राहणाऱ्या सूक्ष्म फटी हा लेप भरून काढतो, कारण फटीत हवा राहिली तर उष्णतेचा मार्ग अडतो. पत्र्याला तांब्याची चपटी नळी जोडलेली असते. ही नळी भरीव नसते. तिच्या आत अल्प दाबाखाली थोडे पाणी कोंडलेले असते. तापलेल्या टोकाशी त्या पाण्याची वाफ होते. ती वाफ थंड टोकाकडे जाते, तेथे पुन्हा तिचे पाणी होते आणि नळीच्या आतील जाळीतून ते मूळ जागी परत येते. पेज शिजताना झाकणाखाली पाणी जमते, त्याच तत्त्वावर चालणारे हे कार्य आहे. अशा नळीचा विकास जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञाने १९६३ साली अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत केला. नळीच्या थंड टोकाशी पातळ पत्र्यांची दाट कंगवेदार जाळी असते आणि पंखा त्या जाळीतून हवा फुंकून उष्णता बाहेर टाकतो.

या साखळीतील एक जरी दुवा निखळला, तरी उष्णता आत कोंडते. जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू साचून नमद्यासारखा थर तयार होणे, हे त्याचे सर्वांत सामान्य कारण होय. लेप वाळून त्याला भेगा पडणे, हे दुसरे. पंख्याची धाव झिजणे, हे तिसरे. गादीवर, गोधडीवर अथवा मांडीवर लॅपटॉप ठेवल्याने तळाची छिद्रे बुजणे, हे चौथे. आणि भोवतालची हवाच तप्त असणे, हे पाचवे.

या पाचव्या कारणाचे थोडे विवेचन आवश्यक आहे. पंखा कितीही वेगाने फिरला, तरी तो खोलीतीलच हवा फुंकणार. त्यामुळे ठराविक कामासाठी प्रोसेसर खोलीच्या तपमानापेक्षा साधारणपणे ठराविक अंशांनीच अधिक तापतो. समजा, २५ अंश सेल्सियसच्या खोलीत एखादे काम करताना तो ८५ अंशांवर पोहोचतो, म्हणजे हे अंतर ६० अंशांचे झाले. आता तेच काम ४० अंशांच्या खोलीत केले, तर तो १०० अंशांच्या घरात जाईल. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकांत वापरासाठी भोवतालच्या तपमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. ग्वाल्हेर अथवा इंदूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे दुपारी पत्र्याच्या छपराखाली काम करणारे यंत्र त्या मर्यादेच्या पलीकडे राबत असते. गोव्यात पारा इतका चढत नसला, तरी हवा दमट असते. माणसाला दमट हवेत घाम वाळत नसल्याने अधिक उकडते. यंत्राला घाम येत नसल्याने त्यास हा त्रास तसा होत नाही. परंतु दमटपणामुळे तांबडी धूळ जाळीला चिकटून बसते आणि धातूचे भाग गंजतात. म्हणून किनारी प्रदेशात स्वच्छतेची निगा अधिक जपली पाहिजे.

मंदगती हे संरक्षण होय

विहिरीवरील पंपाच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटारीने प्रमाणाबाहेर वीज ओढली, की तो मोटार बंद पाडतो. शेतकरी त्याला दोष देत नाही, कारण त्यामुळे मोटार जळत नाही, हे तो जाणतो. लॅपटॉपमध्येही अशीच योजना आहे, मात्र ती दोन टप्प्यांची आहे. प्रोसेसरच्या अंगातच तपमापक बसविलेले असतात. तपमान ठरलेल्या सीमेजवळ, म्हणजे बहुतेक यंत्रांत ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान आले, की प्रोसेसर प्रथम आपली गती उतरवितो. एवढ्यानेही भागले नाही, तरच यंत्र बंद होते. इंटेल कंपनीने २००० साली बाजारात आणलेल्या पेंटियम ४ या प्रोसेसरपासून अशी योजना प्रोसेसरमध्येच अंतर्भूत झाली. मंदावलेला लॅपटॉप अशा प्रकारे स्वतःचा बचाव करीत असतो.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज दूर होणे इष्ट आहे. विक्रेत्याच्या पत्रकावर जी कमाल गती ठळक अक्षरांत छापलेली असते, ती सलग टिकणारी गती नव्हे. २००८ सालापासून इंटेलच्या प्रोसेसरांत ‘टर्बो बूस्ट’ ही योजना आली. तपमान आणि वीजपुरवठा यांना वाव असेल, तेवढा काळच प्रोसेसर मूळ गतीच्या वर धावतो. नंतर तो अंथरूण पाहून पाय पसरतो. तेव्हा जड काम सुरू झाल्यावर काही मिनिटांनी कमाल गती उतरणे हे स्वाभाविक आहे. गती मूळ गतीच्याही खाली घसरू लागली, तर मात्र दोष शोधला पाहिजे. २०२० च्या अखेरीस आलेल्या, एम १ प्रोसेसर असलेल्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. अशा यंत्राने दीर्घ आणि जड कामात काही वेळाने गती कमी करणे, हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे.

एक बोधप्रद उदाहरण

जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपल कंपनीने मॅकबुक प्रो या लॅपटॉपची नवी आवृत्ती आणली. तिच्या सर्वांत महागड्या प्रकारात सहा गाभ्यांचा कोअर आय ९ प्रोसेसर होता. त्याची मूळ गती २.९ गिगाहर्ट्झ होती. चित्रफितींच्या संपादनासारखे जड काम दिले असता ती या मूळ गतीच्याही खाली जाते, असे परीक्षकांना आढळून आले. एका परीक्षकाने तर यंत्र शीतपेटीत ठेवून काम करविले आणि ते लवकर संपले, असे दाखवून दिले. पंखा आणि नळ्या अपुऱ्या आहेत, असे सर्वांना वाटू लागले. कंपनीने तपास केला, तेव्हा उष्णतेचे नियमन करणाऱ्या अंतर्गत कार्यप्रणालीत एक सांकेतिक किल्ली राहून गेल्याचे उघडकीस आले. २४ जुलै २०१८ रोजी दुरुस्तीची प्रणाली प्रसृत झाली, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि गती बऱ्याच अंशी सुधारली.

यातून दोन बोध मिळतात. पहिला असा, की दोष पंख्यातच असतो असे नव्हे, तो प्रणालीतही असू शकतो. दुसरा असा, की आधी परीक्षा आणि मग उपाय. अन्यथा ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत होते.

परीक्षा कशी करावी?

विंडोज प्रणाली असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या पानावर प्रोसेसरवरील भार टक्क्यांत आणि त्याची चालू गती गिगाहर्ट्झमध्ये दिसते. त्याच ठिकाणी ‘बेस स्पीड’ या नावाने मूळ गतीही दिलेली असते. प्रोसेसरचे तपमान मात्र तेथे दिसत नाही. त्यासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ सारखी विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते. लिनक्स असलेल्या यंत्रावर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तेच काम करते. यंत्र मंदावलेले असतानाच हे आकडे पाहावेत. त्यावरून चार प्रकार वेगळे करता येतात.

पहिला प्रकार : तपमान ९५ अंशांच्या वर आणि गती मूळ गतीच्या खाली. हा खरा उष्णतेचा दोष होय. धूळ, लेप, पंखा आणि जागा यांकडे लक्ष द्यावे.

दुसरा प्रकार : विशेष काम चालू नसतानाही प्रोसेसरवरील भार अधिक. कोणती तरी प्रणाली पडद्याआड राबत आहे, असे समजावे. विषाणूशोधन, प्रणालीचे नूतनीकरण, ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली डझनावारी पाने, अथवा चोरून शिरलेली उपद्रवी प्रणाली, यांपैकी काहीही असू शकते. टास्क मॅनेजरमधील यादी भारानुसार लावली, की अपराधी कोण ते उघड होते.

तिसरा प्रकार : तपमान साधारण, मात्र गती ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झ अशा एखाद्या नीच अंकावर अडकलेली. हा बहुधा वीजपुरवठ्याचा दोष असतो. ६५ वॉटची गरज असलेल्या यंत्राला ४५ वॉटचा चार्जर लावला, अथवा चार्जर यंत्राने ओळखला नाही, तर कित्येक यंत्रे आपली गती मुद्दाम उतरवून ठेवतात. बॅटरी अगदी क्षीण झाल्यासही असे घडू शकते.

चौथा प्रकार : प्रोसेसरवरील भार अल्प, गती उत्तम, परंतु स्मृती भरलेली किंवा डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर. येथे उष्णतेचा काही संबंध नाही. जुन्या फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसविणे किंवा स्मृती वाढविणे, हाच उपाय. अशा यंत्राचा पंखा कितीही साफ केला, तरी ते वेगवान होणार नाही.

उपाय : सोप्याकडून अवघडाकडे

१. जागा बदलावी. लॅपटॉप लाकडी अथवा कठीण पृष्ठभागावर ठेवावा. मागील बाजूस दोन बोटे उंचीचा आधार द्यावा, म्हणजे तळाशी हवा खेळते. खिडकीतील ऊन यंत्रावर पडू देऊ नये. टेबल पंख्याचा झोत बाजूने आला, तर यंत्राभोवती गरम हवा साचत नाही.

२. कामाची वेळ साधावी. चित्रफितींचे संपादन, ड्रोनने टिपलेली चित्रे जोडून नकाशा तयार करणे, अशी तासनतास चालणारी कामे उन्हाळ्यात सकाळी अथवा रात्री करावीत. यास पैही खर्च येत नाही.

३. अनावश्यक प्रणाली बंद कराव्यात आणि यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रणालींची यादी आटोपशीर ठेवावी.

४. मूळ चार्जर वापरावा. नवा घेताना त्यावरील वॉट आणि व्होल्ट जुन्याशी ताडून पाहावेत.

५. उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून यंत्राच्या अंतर्गत प्रणालीचे नूतनीकरण करावे. ते चालू असताना वीज जाणार नाही, अशी वेळ निवडावी.

६. गतीला मर्यादा घालावी. विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’ मध्ये, जेथे उपलब्ध असेल तेथे, ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ हा आकडा १०० वरून ९९ केला, की बहुतेक यंत्रांत टर्बोची वाढीव धाव थांबते. दाखले टंकणे, पत्रव्यवहार, हजेरी अशा नित्याच्या कामात गतीचा फरक क्वचितच जाणवतो, परंतु तपमान लक्षणीयरीत्या उतरते. वर सांगितलेले दाबाच्या वर्गाचे गणित येथे उपयोगी पडते.

७. धूळ काढावी. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून आणि ज्यांत बॅटरी सुटी करता येते त्यांत ती काढून, हवेच्या डब्याने जाळीत थोड्या थोड्या झोतांनी हवा मारावी. या वेळी पंख्याचे पाते दातकोरण्याने अडवून धरावे, कारण हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरल्यास त्याची धाव बिघडते. घरात झाडलोट करण्याचा व्हॅक्यूम क्लीनर यासाठी वापरू नये. त्यातून निर्माण होणारी स्थिर वीज नाजूक भागांना घातक ठरू शकते. धुळीच्या गावात वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, ही सफाई करून घेणे श्रेयस्कर होय.

८. लेप बदलावा. यंत्र तीनचार वर्षे वापरात असेल आणि सफाईनेही तपमान उतरत नसेल, तर जाणकार कारागिराकडून जुना लेप आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवा लावून घ्यावा. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास ते स्वतः न उघडता अधिकृत सेवाकेंद्राकडेच न्यावे.

प्रत्येक उपायानंतर तेच काम त्याच वेळी पुन्हा करून तपमान आणि गती यांची नोंद वहीत करावी. एका वेळी एकच उपाय केला, तर कोणता गुणकारी ठरला, हे निश्चित कळते.

या गोष्टी टाळाव्यात

तापलेला लॅपटॉप शीतपेटीत ठेवू नये. बाहेर काढताच थंडगार धातूवर हवेतील बाष्प जमून थेंब होतात आणि आतील मंडल निकामी होऊ शकते. दमट हवेच्या कोकण-गोव्यात हा धोका विशेष आहे. यंत्राखाली ओले फडके किंवा बर्फाची पिशवी ठेवणेही तितकेच घातक. चालू असलेला लॅपटॉप पिशवीत घालून प्रवास करू नये. पंख्याचा आवाज होतो म्हणून छिद्रांवर कापड टाकणे, म्हणजे तर रोग्याचे नाक दाबण्यासारखेच आहे.

बॅटरीविषयी दक्षता

उष्णतेचा खरा बळी पुष्कळदा प्रोसेसर नसून बॅटरी असते. लिथियमची बॅटरी सतत तापत राहिली, की तिची साठवणशक्ती लवकर घटते आणि काही वेळा तिच्या आत वायू निर्माण होऊन ती फुगते. टचपॅड वर उचलला जाणे, कीबोर्डला बाक येणे, झाकण नीट न मिटणे, ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणे होत. ती दिसताच यंत्र बंद करावे, चार्जर काढावा आणि यंत्र पेटण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवून कारागिराकडे सोपवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि घरातील कचऱ्यात टाकू नये. तिला आग लागू शकते. मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप रात्रभर गादीवर चार्जिंगला ठेवण्याची सवय अनेक घरांत आढळते. पालकांनी ती कटाक्षाने मोडावी. भारतात बॅटरींच्या विल्हेवाटीसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत, तर निकामी संगणकांसाठी २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. अशा वस्तू अधिकृत संकलन केंद्रातच जमा केल्या पाहिजेत.

कार्यालये आणि शाळा यांनी काय करावे?

ज्या संस्थेत अनेक लॅपटॉप आहेत, तेथे प्रत्येक यंत्राची एक छोटी नोंदवही ठेवावी. खरेदीची तारीख, हमीची मुदत, अखेरची सफाई, चार्जरचे वॉट आणि आढळलेले दोष, एवढे तपशील पुरेसे आहेत. नवी खरेदी करताना केवळ कमाल गतीचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. दिवसभर सलग काम करावयाचे असेल, तर अतिपातळ यंत्रापेक्षा हवा खेळण्यास वाव असलेले, थोडे जाड यंत्र अधिक टिकाऊ ठरते. विज्ञानाच्या शिक्षकांना तर या विषयात वर्गपाठाची चांगली सामग्री सापडेल. बाष्पीभवन, उष्णतावहन आणि विद्युतशक्ती हे तिन्ही धडे एकाच लॅपटॉपच्या पोटात सामावलेले आहेत.

बैलाच्या मानेवरचे जू कधी उतरवावे, हे ज्याला कळते त्याचीच बैलजोडी दीर्घकाळ साथ देते. यंत्राचेही तसेच आहे. त्याची घरघर, त्याचा ताप आणि त्याची मंदगती ही त्याची भाषा होय. ती समजून वेळीच उपाय केला, तर वापरात असलेले यंत्र आणखी काही वर्षे इमानेइतबारे सेवा देईल आणि वाचलेला पैसा शाळेच्या ग्रंथालयासाठी अथवा गावाच्या अन्य गरजेसाठी उपयोगी पडेल.